घरीं शिवलेला शर्ट

वर्धा जिल्ह्यांतील शाळांमधून मीं आयुष्यभर गणित शिकविलें. फळ्यावर खडूनें वर्तुळ काढण्यांत माझा हात चांगला होता आणि त्याचा मला थोडासा अभिमानहि होता. निवृत्तीनंतर मात्र एका कॉलरनें मला पुन्हां पहिल्या बांकावर बसविलें. त्या कॉलरची आणि ती ज्या शर्टाला लागली त्या शर्टाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या घरीं हातानें फिरवावयाचें एक जुनें सिंगर यंत्र आहे. तें माझ्या सासूबाईंचें; त्यांच्याकडून माझ्या पत्नीकडे आलें. पत्नी निवर्तल्यावर वर्षभर त्यावरचें लाकडी झांकण कोणीं उचललें नाहीं. पुढें दिवाळीच्या साफसफाईंत कपाटांत एक गाठोडें सांपडलें. त्यांत पांढऱ्या खादीचे कापून ठेवलेले भाग होते : पुढचे दोन, पाठ, खांद्याचा योक व दोन बाह्या. कॉलर व कफ तेवढे कापावयाचे राहिले होते. सोबतच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरांत माझीं मापें होतीं, गळा साडेपंधरा. उरलेलें कापड इतकें बेताचें होतें कीं, एकदां कात्री चुकली असती तर दुसरी कॉलर निघाली नसती. शिंप्याकडे देऊन शर्ट पुरा करून घेणें सोपें होतें. मला तें देववेना.

प्रथम यंत्राकडे वळलों. यंत्राच्या बैठकीवर एक क्रमांक कोरलेला असतो व त्यावरून त्याचा काळ समजतो. आमच्या यंत्राच्या क्रमांकाआधीं ‘एफ’ हें अक्षर आहे. म्हणजे तें स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यांत, पहिल्या महायुद्धाच्या मागेंपुढें तयार झालें. तो कारखाना १९८० सालीं बंद पडला. यंत्र चालूं आहे. पण तें चालूं होण्यापूर्वीं मीं एक मूर्खपणा केला. चाक जड फिरतें म्हणून घरांतलें खोबरेल तेल घातलें. आमच्याकडील थंडी तुम्हांस ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेल थिजलें आणि यंत्रहि! मग रॉकेलनें सर्व सांधे धुऊन, पुसून, यंत्राचें पातळ तेल थेंबथेंब सोडावें लागलें.

शिवण्याच्या यंत्राची युक्ति मोठी सुंदर आहे. अमेरिकेंत एलियस होव यानें १८४६ सालीं व आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपापल्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं. हातशिवणीच्या सुईचें नेढें मागच्या टोकाला असतें. यंत्राच्या सुईचें नेढें अणकुचीजवळ असतें, आणि सारी किमया त्यांत आहे. सुई कापडाखालीं जाऊन किंचित् वर उचलली कीं वरच्या दोऱ्याचा फांस सैल पडतो. नेमक्या त्या क्षणीं खालचें शटल आपला दोरा घेऊन त्या फांसांतून पार होतें. आमच्या यंत्राचें शटल निमुळतें आहे. विणकराच्या धोट्याचें तें धाकटें भावंडच म्हणा ना! मग सुई वर जाते, फांस आवळतो, आणि दोन दोऱ्यांची आंट कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसते. कापडाच्या खालच्या अंगाला फांस लोंबूं लागले तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल आहे असें समजावें. वरच्या अंगाला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसूं लागला तर तो ताण फार घट्ट आहे. टांके मधून मधून सुटत असतील तर सुई बोथट झाली असेल किंवा उलटी बसली असेल. साध्या खादीला चौदा नंबरची सुई बरी.

या संदर्भांत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९२४ सालीं रामचंद्रन् नांवाच्या एका विद्यार्थ्यानें गांधीजींना, तुम्ही सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहां काय, असें विचारलें होतें. तेव्हां त्यांनीं अपवाद म्हणून जें यंत्र पुढें केलें तें हें सिंगरचें. बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमानें सिंगरनें तें बनविलें, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचें चरित्र वाचणाऱ्याला हें पटणें कठीण आहे. तरी ज्या वर्ध्याजवळ गांधीजी १९३६ पासून राहिले, तेथील घराघरांतून चरख्याशेजारीं हें यंत्र नांदलें, यांत मला विसंगति वाटत नाहीं.

आतां शिवण. खादी आटते, म्हणून कापण्यापूर्वींच ती पाण्यांत भिजवून वाळवावी. पत्नीनें तें केलेलें असावें. ज्यांच्याजवळ कापलेले भाग नसतील त्यांनीं अंगाला बसणारा एखादा विटलेला शर्ट उसवून, इस्त्री करून, त्यावरून कागदी नमुना काढावा. हातयंत्राला एक अडचण असते : उजवा हात मुठीवर गुंतलेला, कापडासाठीं डावाच काय तो मोकळा. म्हणून टांचण्यांवर भिस्त न ठेवतां कच्चा दोरा घालून घ्यावा. आणि कापड ओढूं नये. तें पुढें नेण्यास खालचे दाते समर्थ आहेत. आपण ओढलें तर सुई वांकते व पत्र्यावर आपटून मोडते. माझ्या तीन मोडल्या.

क्रमहि महत्त्वाचा आहे. आधीं बटणपट्ट्या, मग योक व खांदे, त्यानंतर कॉलर. बाही मात्र नळीसारखी शिवून मग मुंढ्यांत बसवावयाची नाहीं. कूस उघडी असतांनाच ती मुंढ्याला सपाट जोडावी आणि मग मनगटापासून काखेंतून खालपर्यंत एकच लांब शिवण घ्यावी. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षां थोडा लांब असतो. तो वाढीव भाग चुणी न पाडतां मुरवून घ्यावा लागतो. कफ व खालची घडी शेवटीं.

कॉलरसाठीं मीं जुन्या चादरीवर सराव केला. दोन्ही पदर तंतोतंत सारखे कापले, मध्यें बकरम घातलें, उलटें शिवून सुलटें केलें. टोकें वर वळलीं. पुन्हां केली, पुन्हां वळलीं. पांचव्या कॉलरनंतर आमच्या गल्लींतील एका वृद्ध शिंप्याकडे गेलों. त्यानें ती हातांत घेऊन म्हटलें, “मास्तर, खालचा पदर एक सूत कमी घ्या.” कां, म्हणून विचारलें. “तसंच घेतात,” एवढेंच उत्तर मिळालें.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर उलगडा झाला. कॉलर मानेभोवतीं वळली कीं तिचे दोन पदर म्हणजे जवळजवळ समकेंद्र वर्तुळें. पदरांत अर्ध्या मिलिमीटरचें अंतर धरलें तर बाहेरच्या वर्तुळाचा परीघ त्याच्या सव्वासहा पट, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक मोठा हवा. मूळ वर्तुळ केवढें, हा प्रश्नच नाहीं. मान लहान मुलाची असो कीं पैलवानाची, फरक तेवढाच. आणि इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक सूत, हेंहि तीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक! हीच गोष्ट मीं मुलांना कितीदां फळ्यावर सिद्ध करून दाखविली होती. दुसऱ्या दिवशीं उरलेल्या खादीला कात्री लावली. टोकें खालीं बसलीं.

काजें हातानेंच करावीं लागलीं, कारण आमचें यंत्र सरळ शिवणीपलीकडे कांहीं जाणत नाहीं. पुरुषांच्या शर्टाला काजें डाव्या पट्टीवर येतात. तीं उभीं घ्यावीं. फक्त गळ्याच्या पट्टीचें आडवें, कारण तेथें ओढ आडवी असते आणि बटण काजाच्या टोकाशीं जाऊन थांबतें. काजाची लांबी बटणाच्या व्यासांत त्याची जाडी मिळवून ठरवावी. बटण लावतांना त्यावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून टांके घालावे, मग काडी काढून सैल दोऱ्याभोवतीं वेढे द्यावे. म्हणजे बटणाला उंची येते व काज त्याखालीं चुरगळत नाहीं.

सहा बटणें पुढें, एक गळ्याशीं, दोन कफांना. पत्नीच्या डब्यांत एका जातीचीं आठच निघालीं. नववें शिंपल्याचें, किंचित् पिवळट, तें मीं सर्वांत खालीं लावलें आहे. शर्ट धोतरांत खोंचला कीं तें दिसत नाहीं.