दुखणं हाडात, मूळ गळ्यात

जाळी ओढून, बर्फाचे क्रेट उचलून पाठ-खांदे दुखणं आपल्याला नवं नाही. बाम लावला, चोळून घेतलं की दोन-चार दिवसांत उतरतं. पण आठवडे गेले तरी न उतरणारं, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं वेगळं. त्याची बरीच कारणं असतात. त्यातलं एक क्वचित आढळतं, पण माहीत असलेलं बरं: थायरॉईडचा कॅन्सर हाडात पसरणं.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची लहानशी ग्रंथी. तिच्या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार पॅपिलरी. तो पसरला तर बहुधा आधी मानेतल्या गाठींत जातो. दुसरा फॉलिक्युलर, तो रक्तातून फुफ्फुसांत आणि हाडांत पोचतो. हाडांत म्हणजे बहुतेकदा मणके, कमरेचं हाड, बरगड्या, मांडीचं हाड. पण कधी कधी कवटी, जबडा, छातीच्या मधलं हाड, खांद्याचं पातं अशा कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागीही.

अशा वेळी डोक्यावर मऊ गाठ येते. लोकांना ती चरबीची वाटते. तिच्यात रक्त जास्त खेळत असल्यानं हात ठेवल्यावर कधी ती नाडीसारखी उडतेही. गळ्याला मात्र काहीच दिसत नाही. गाठीचा तुकडा तपासल्यावर त्यात थायरॉईडच्या पेशी सापडतात, तेव्हा कुठे मूळ कळतं.

हे लक्षात ठेवा
• हाडावरची वाढती गाठ चोळू नका, मालिश नको. आतून पोखरलेलं हाड मोडू शकतं.
• रक्तातली टीएसएच नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही, असं नव्हे. गळ्याला गाठ असेल तर सोनोग्राफी करून घ्या.
• पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

उपचार आहे का?
आहे. आधी थायरॉईड काढतात, मग आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध देतात. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. कॅन्सर कवटीत असो वा मणक्यात, त्याच्या पेशींनी ही सवय सोडली नसेल तर औषध तिथेच जाऊन काम करतं. सगळ्यांना ते लागू पडत नाही. मग किरणोपचार, शस्त्रक्रिया, हाडं बळकट करणारी इंजेक्शनं असतात. हाडात गेलेला आजार पुरता जाणं कठीण, पण उपचारानं अनेकजण वर्षानुवर्षं जगतात.

आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. या औषधाआधी साधारण एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण लागतं. म्हणजे बांगडा, सुंगटं, तिसऱ्या, सुकी मासळी, आयोडीनचं मीठ सगळं बंद. शरीर आधीच आयोडीननं भरलेलं असेल तर पेशी औषध कमी ओढतात. हे पथ्य तेवढ्यापुरतंच. मासे खाल्ल्यानं हा कॅन्सर होतो असा अर्थ कुणी काढू नये. औषधानंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहायचं. किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

न उतरणारं दुखणं असेल तर मोसम संपायची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग समुद्र आहेच.