अंगणातील एक रात्र

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी धाकट्या भावंडांसह अंगणात झोपणार ना? मग आधी अंथरुणाचा विचार करा.

निरभ्र रात्री उघड्यावरचे पांघरूण आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकते, हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव जमते. वर चादर ताणली, तर आकाशाहून उबदार असलेली ती चादर काही उष्णता परत देते. म्हणून उल्का पाहून झाल्या की चादरीखाली झोपा.

मात्र जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश झोपेत कित्येकदा कळतही नाही. खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा, उठताना विजेरी लावा.

सकाळी चादरीवर आणि पांघरुणावर हात फिरवा. दव कोठे अधिक आहे?