फवारणीच्या आधीची रक्ततपासणी

पिकावर कीटकनाशक फवारणारा माणूस आजारी पडला की त्याचे दुखणे बहुधा दुसऱ्याच नावाने ओळखले जाते. डोके दुखले तर ऊन लागले, मळमळले तर पित्त झाले, हातपाय गळाले तर वय झाले. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या बाबतीत हे शेवटचे कारण सर्वांनाच पटते, आणि खरे कारण अंगात साचत राहते.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर हातमोजे, मुखवटे, गॉगल यांची चर्चा पुष्कळ झाली. फवारणी करणाऱ्याच्या रक्ताची हंगामापूर्वी व हंगामात तपासणी व्हावी, हा मुद्दा मात्र मागेच पडला.

शरीरात काय घडते?

मज्जातंतूंकडून स्नायूंकडे व ग्रंथींकडे निरोप पोचविण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन करते. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याचा निचरा करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या विकरालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ, अश्रू व घाम वाहू लागतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात आणि अखेरीस श्वास कोंडतो.

फवारणी करताना हे विष मुख्यतः त्वचेतून शिरते. पाठीवरचा पंप गळत असेल, सदरा भिजला असेल, तर नाकाला बांधलेला रुमाल फारसा उपयोगी पडत नाही. तांबड्या पेशींतील विकर निकामी झाले, तर नव्या पेशी तयार होतील तसतसेच ते भरून येते, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून वारंवार फवारणी करणाऱ्याच्या अंगातील तूट भरून येण्याआधीच वाढत जाते. वरवर तो ठणठणीत दिसतो. पण अशा वेळी नेहमीची एखादी फवारणीही गंभीर विषबाधेचे निमित्त ठरू शकते.

प्रत्येकाचे माप वेगळे

या विकराची निरोगी माणसातील पातळी व्यक्तीगणिक बरीच बदलते. समजा, प्रयोगशाळेने ५,००० ते १२,००० एकक ही सामान्य मर्यादा मानली आहे. एखाद्याची मूळ पातळी ११,००० असून ती ६,००० वर आली, तरी अहवालावर ‘सामान्य’ असेच लिहून येईल. वस्तुतः त्याचे जवळजवळ निम्मे विकर निकामी झालेले असेल. म्हणूनच फवारणीशी किमान महिनाभर संबंध आलेला नसताना पहिली तपासणी करून ती मूळ पातळी जपून ठेवावी लागते. पुढील प्रत्येक तपासणीची तुलना तिच्याशीच करावयाची.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून, तर वॉशिंग्टन राज्यात २००४ पासून हीच पद्धत आहे. पातळी मूळच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटली की कामाची पद्धत तपासली जाते. तांबड्या पेशींतील विकर ३० टक्क्यांनी किंवा रक्तद्रवातील विकर ४० टक्क्यांनी घटले, तर त्या कामगाराला फवारणीपासून दूर ठेवले जाते. पातळी मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत सावरल्यावरच तो पुन्हा ते काम करतो.

आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांची कामावर घेण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे. परंतु आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्या मजुरापर्यंत ती क्वचितच पोचते.

कुटुंबाने काय करावे?

घरात फवारणी करणारे कोणी असल्यास हंगामापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने कोलिनएस्टरेज तपासणी करून घ्यावी. नंतरच्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व त्याच प्रकारच्या असाव्यात, अन्यथा आकड्यांची तुलना होत नाही. फवारणीची तारीख, औषधाचे नाव व त्या रात्रीची प्रकृती एका वहीत लिहून ठेवावी. हे काम घरातील ज्येष्ठ मंडळी उत्तम करू शकतात.

वयस्कांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. स्मृतिभ्रंशासाठी दिली जाणारी डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन ही औषधे याच विकराला रोखतात, आणि यकृताच्या विकारात रक्तद्रवातील विकर मुळातच कमी असते. अशा व्यक्तींनी फवारणीपासून दूरच राहावे आणि आपली औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

ही तपासणी सर्व विषांचा माग काढत नाही. यवतमाळच्या प्रकरणात चर्चेत आलेले डायफेन्थियुरॉन, तसेच सायपरमेथ्रिन व पॅराक्वाट ही रसायने तिच्यात दिसत नाहीत. अहवाल चांगला आला तरी लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

शंका आल्यास

रुग्णाला शेताबाहेर आणून भिजलेले कपडे काढावेत आणि साबणाने भरपूर पाण्यात अंग, केस व नखे धुवावीत. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. उलटी करवू नये. दूध, तूप, ताक काही पाजू नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीवर रसायनाचे नाव व उतारा छापलेला असतो, म्हणून ती बाटली बांधून बरोबर न्यावी.

बरे वाटू लागल्यावरही घरी नेण्याची घाई करू नये. ऑर्गेनोफॉस्फेटच्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मानेचे व श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नाही, ही त्याची पहिली खूण असते, आणि ती शेजारी बसलेल्या माणसालाच सर्वांआधी दिसते. ती दिसताच क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवावे.