हिवाळी पक्षिगणना व तिचा शेतीस उपयोग

गावातील गुरांची संख्या पशुगणनेने कळते व पिकाचा उतारा पीक कापणी प्रयोगाने ठरतो. परंतु शिवारातील किडी व उंदीर खाऊन पिकांचे रक्षण करणारे पक्षी किती आहेत, याची मोजदाद गावपातळीवर क्वचितच होते. हे काम स्वयंसेवक हिवाळ्यात करतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षिगणनेत भारतातील निरीक्षक २०१३ पासून भाग घेतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत अशी गणना करण्यास फार चांगली संधी आहे.

हिवाळाच का?

थंडीत उत्तरेकडील थिजलेली सरोवरे सोडून बदके व चिखलपक्षी दक्षिणेस उतरतात. त्याच वेळी कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या जलाशयांचे पाणी आवर्तनागणिक ओसरू लागते. उथळ काठ व गाळ उघडा पडला की तेथे पक्ष्यांना किडे, गोगलगायी व पाणवनस्पती मिळतात. पक्षी एके ठिकाणी गोळा होत असल्याने ते मोजणे सोपे जाते.

गणनांतून काय आढळले?

देशभरातील सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या व केवळ ३६ वाढल्या. मोर व कोकीळ वाढले. याउलट थापट्या व तलवार बदक हे हिवाळी पाहुणे घटले. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो टोळ व भुंगे खाणारा नीलपंखही बराच कमी झाला.

शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. आहारानुसार पाहता उंदरांसारखे प्राणी व मृत जनावरे खाणाऱ्या पक्ष्यांची घट सर्वांत अधिक आहे. म्हणजे शेतीचे बिनपगारी राखणदारच कमी होत आहेत. त्यांच्या भक्ष्यातून विष पोटात जाणे, हे यामागील एक संभाव्य कारण होय.

आकड्यांचा अर्थ

एका शेतातील उताऱ्यावरून जशी साऱ्या गावाची आणेवारी ठरत नाही, तसा एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर उथळ जागा बुडतात व बदके अन्य तळ्यांवर जातात. पाणी अधिक ओसरले, तर शेकाट्या व तुतारी यांसारखे चिखलात चरणारे पक्षी वाढलेले दिसतात. यास्तव पाण्याची पातळी लिहिल्यावाचून केलेली नोंद अपुरी समजावी. अनेक वर्षे त्याच जागी, त्याच सुमारास व त्याच रीतीने मोजणी केल्यासच खरा कल कळतो.

मोजणीची रीत

१. दोन-तीन जणांनी सूर्योदयानंतर, सूर्य पाठीशी घेऊन ठरलेल्या जागी उभे राहावे.
२. मोठ्या थव्यातील पन्नास पक्षी नीट मोजावेत व तेवढ्या आकाराचे किती भाग थव्यात बसतात ते पाहून गुणावे.
३. एका बाजूने मोजीत जावे. मोजलेला थवा उडून पुढे बसल्यास तो पुन्हा धरू नये.
४. तारीख, वेळ, हवामान, पाण्याची पातळी व गाळपेर यांची नोंद करावी.
५. न ओळखलेल्या पक्ष्याचे नाव अंदाजाने लिहू नये. रंग, चोच व पाय यांचे वर्णन लिहावे.
६. नेहमीचा पक्षी न दिसल्यास तसे स्पष्ट लिहावे. ती नोंदही तितकीच महत्त्वाची आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

उसात व धान्याच्या कोठारांभोवती गव्हाणी घुबड आणि शिवारात कापशी घार उंदीर मारतात. विषारी आमिष खाऊन मेलेले उंदीर उघड्यावर राहिल्यास त्यांच्या पोटातील विष या पक्ष्यांना बाधते. म्हणून मेलेले उंदीर दररोज गोळा करून खोल पुरावेत. हरभऱ्यात एकरी सुमारे २० पक्षिथांबे उभारल्यास त्यांवर बसून कोतवाल व साळुंकी घाटेअळ्या टिपतात.

काही पक्षी नुकसानही करतात, हे नाकारता येत नाही. भोरड्यांचे थवे टोळ खातात, तसेच दुधात आलेल्या ज्वारीच्या कणसांवरही पडतात. तेवढ्या दिवसांपुरती गोफण व चमकणाऱ्या पट्ट्यांनी राखण करावी. द्राक्षबागेवरील जाळे बारीक छिद्रांचे व ताणून बांधलेले असावे आणि अडकलेला पक्षी लगेच सोडवावा. विष घालून पक्षी मारणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा भंग तर आहेच, शिवाय त्यात मित्रपक्षीही मरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या साहाय्याने गावाची एक नोंदवही ठेवावी व येत्या जानेवारीपासून मोजणीस आरंभ करावा. पाच-सात हिवाळ्यांनंतर आपल्या शिवारातील राखणदार वाढले की घटले, याचे उत्तर गावास स्वतःच्याच वहीत सापडू लागेल.