कॅरॅव्हॅनचे ऑनिंग अडकले तर?

महाबळेश्वरहून कृष्णेच्या सोबतीने सांगलीकडे निघालेल्या कॅरॅव्हॅनचे ऑनिंग, म्हणजे दाराबाहेरचे विजेवर चालणारे कापडी छत, उघडेच अडकले तर गाडी हलवू नये. आधी बॅटरी बघावी. बटण दाबल्यावर नुसताच ‘टक’ आवाज आला आणि बॅटरी १२ व्होल्टच्या खाली असेल, तर ती चार्ज करावी. आवाजच नसेल तर फ्यूज तपासावा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तार गुंडाळायचा देशी जुगाड इथे आग लावू शकतो. काही गाड्यांत किल्ली चालू असताना ऑनिंग मुद्दाम बंद राहते, तेही पाहावे. मोटर घुमते पण कापड हलत नाही? महाबळेश्वरच्या पावसात कापडावर पाणी साचते, ते आधी ओतावे. बऱ्याच मोटरींना हाताने फिरवायची सोय असते. तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. आत घेतलेले ऑनिंग पट्ट्याने घट्ट बांधावे, मगच पसरणी घाट उतरावा.