राणीच्या बागेतले दोन गारवे

काचेपलीकडे सोळा ते अठरा अंश, दाराबाहेर भायखळ्याचा मे महिना. पेंग्विन कक्षात शिरलेला माणूस म्हणूनच आधी पक्षी बघत नाही, "आहाहा!" म्हणतो. मग पोर खांद्यावर घेतो. पोराचा पहिला प्रश्न ठरलेला: "बर्फ कुठंय?" बर्फ नाहीच. हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे पाऊस जवळजवळ नाही, पण समुद्राचा प्रवाह गार. मुंबईत उलटं, म्हणून गारवा यंत्रानं करावा लागतो आणि पाणी सतत गाळून फिरतं ठेवावं लागतं.

खाण्याच्या वेळी आत गमबूट घातलेला माणूस बादली घेऊन येतो आणि सगळी मंडळी त्याच्या पायांशी जमते. मासा नुसता फेकून चालत नाही. तो डोक्याकडून चोचीत जायला हवा. शेपटीकडून गेला तर खवले-पर घशात अडतात. त्यामुळे बादलीतून उचलतानाच बोटं मासा फिरवून घेतात, इतक्या सहज की बघणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. पंखाच्या पट्ट्यावरून कोण कोणता ते ओळखायचं आणि कुणी किती खाल्लं याकडे लक्ष ठेवायचं. पक्षी दुखणं सांगत नाही, जेवण सोडतो. अर्थात जेवण सोडलं म्हणजे आजारच असं नाही. वर्षातून एकदा अंगावरची सगळी पिसं बदलतात. त्याआधी पक्षी भरपूर खाऊन फुगतो आणि पिसं गळत असताना उपाशी बसून राहतो. तेव्हा त्याचा अवतार बघवत नाही. काचेबाहेर कुणीतरी हमखास म्हणतं, "आजारी दिसतोय बिचारा."

त्या वाक्यामागे थोडा इतिहास आहे. जुलै 2016मध्ये सोलहून आठ पेंग्विन आले, ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी दगावली आणि शहरभर वाद पेटला. कक्ष लोकांसाठी उघडला तो मार्च 2017मध्ये. 15 ऑगस्ट 2018ला इथे पिल्लू जन्मलं, देशातलं पहिलं म्हणून त्याचं कौतुक झालं, पण ते आठवडाभरच जगलं. पुढची पिल्लं मात्र तगली. पेंग्विनांवरचा खर्च योग्य होता का, यावर लालबाग-परळच्या कट्ट्यांवर अजून दोन तट पडतील. पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं, तरी आई-बाप आणि दोन मुलांना मिळून शंभरात आत जाता येतं. रविवारची रांग बघून पेंग्विनांनी बाग पुन्हा चालती केली, हे मला मान्यच करावं लागतं.

पण ही रांग ज्या सावलीतून पुढे सरकते, तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. ही जागा आधी बागच होती, प्राणी मागाहून आले. शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली, तेव्हा अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीनं इथे नवी उभी केली. 19 नोव्हेंबर 1862ला लेडी फ्रियर यांनी तिचं उद्घाटन केलं. व्हिक्टोरिया गार्डन्सचं 1969मध्ये वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी बसमध्ये तिकीट मागताना लोक राणीची बागच म्हणतात. शहराची अडगळही इथेच विसावली: घारापुरीचा दगडी हत्ती आहे आणि 1965मध्ये फोर्टातून हलवलेला खरा 'काळा घोडा' पुतळाही.

झाडंही अशीच लांबून आलेली. ब्रह्मदेशातली उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती. कैलासपतीला फुलं फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडावर लागतात आणि तोफगोळ्याएवढी फळंही तिथेच लोंबतात. खाली झाडू मारणारा माळी एक डोळा वर ठेवून काम करतो, त्याला विचारलंत तर हसत म्हणेल, "फळाखाली उभं राहू नका." झाडांच्या या गारव्याला वीज लागत नाही, माळी लागतो. बागेच्या आधुनिकीकरणाचा आराखडा आला तेव्हा काही मुंबईकर याच झाडांसाठी उभे राहिले. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे.

जाणार असाल तर बुधवार टाळा, बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मात्र बाग उघडी आणि गुरुवारी बंद. हे गणित ठाऊक नसलेली एखाद-दुसरी वरात दर आठवड्याला फाटकाशी उभी असते: डबे, पाण्याच्या बाटल्या आणि वॉचमनशी हुज्जत घालणारे काका.