बाग फुलवायचीय? आधी फाईल फुलवा!

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. मॉनिटरशेजारी बाटलीत मनी प्लँट, ड्रॉवरमध्ये खुरपं. लंच टाइममध्ये बाकीचे इन्क्रिमेंटवर बोलत असतात आणि हा कोकोपीटवर! मग एखाद्या वैतागलेल्या सोमवारी तो जाहीर करतो, ‘बॉस, बास झालं. गावी जातो आणि लँडस्केपिंगचा बिझनेस टाकतो.’

सगळे हसतात आणि आपापल्या मेलकडे वळतात. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या नगरकडच्या मुलामुलींसाठी हा विनोद राहिलेला नाही. सुप्याच्या एमआयडीसीत कंपन्यांची आवारं आहेत, शिर्डीत हॉटेलं आहेत, हायवेला मंगल कार्यालयं आहेत. लॉन सगळ्यांनाच हवंय. माझा मावसभाऊ त्यातलाच एक. हिंजवडीत इंजिनिअर, घर सावेडीत, काकांची अर्धा एकर जमीन शहराबाहेर. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार. सेंड करण्याआधी त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘ताई, याला लायसन्स कुठलं लागतं गं?’

प्रश्न साधा होता, उत्तर शोधताना मात्र माझी अख्खी वही भरली!

लायसन्स? कुठलं लायसन्स?

पहिला धक्का आधीच देते. आपल्याकडे ‘लँडस्केपिंगचं लायसन्स’ नावाचा कागदच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बागेचं कंत्राट घ्यायचं तर सी-२७ नावाचं लायसन्स लागतं. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवा, परीक्षा द्या, २५ हजार डॉलरचा बाँड भरा. विनालायसन्स करता येणाऱ्या किरकोळ कामाची मर्यादा २०२५ पासून १ हजार डॉलर झाली, तीही मजूर-परमिट लागत नसेल तरच. आपल्याकडे? खुरपं उचला आणि लागा कामाला.

‘पण मी आर्किटेक्ट नाही, चालेल?’ हा भावाचा पुढचा प्रश्न. चालेल. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३७ ने ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला या बंदीतून वगळलंय. म्हणून उद्या कार्डावर वाट्टेल ते छापायचं का? कायदा अडवणार नाही, पण ज्यांनी पाच वर्षं आर्किटेक्चर आणि वर दोन वर्षं लँडस्केपचं मास्टर्स केलंय, त्यांच्या रांगेत आपण शिकल्याशिवाय उभं राहू नये. ‘गार्डन डिझाइन आणि मेंटेनन्स’ लिहा. स्वच्छ, खरं आणि ग्राहकाला कळणारं.

गंमत अशी, की एक मोठं लायसन्स नाही म्हणून काम सोपं होत नाही. छोटे छोटे दहा कागद वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेले असतात. कुठला आपल्याला लागतो आणि कुठला नाही, हे आपणच ओळखायचं.

धंद्याचे कागद

सुरुवात ‘शॉप ॲक्ट’पासून. आपण सर्रास ‘शॉप ॲक्ट लायसन्स काढलं’ म्हणतो, पण २०१७ च्या नव्या कायद्यानंतर छोट्या धंद्याला ते लायसन्स राहिलेलंच नाही. या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनी धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, अशी सोय झाली. दहाचा हा आकडा वीसवर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. म्हणजे दोन माळी आणि एक मदतनीस घेऊन सुरू करणाऱ्याला चिंता नाही. आणि हो, पाटी मराठीत, देवनागरीत हवी. २०२२ च्या दुरुस्तीपासून हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. फर्मचं नाव ‘ग्रीन’ने सुरू होणार असेल तरी ते ‘ग्रीन’ देवनागरीतच, आणि इंग्रजीपेक्षा लहान अक्षरात नको.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे फुकट आहे. ‘हजार रुपयांत करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा आणि पुढे चला. बँकेत फर्मच्या नावाने करंट अकाउंट उघडताना ही नोंद आणि शॉप ॲक्टची पावती, दोन्ही कामी येतात.

तिसरा प्रोफेशन टॅक्स. सॅलरी स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले पाहिलेत ना? वर्षाचे झाले २,५००. आता एचआर नाही, तेव्हा तेवढीच रक्कम स्वतः भरायची. पगारी माणसं ठेवली की त्यांचा कापून भरण्याची वेगळी नोंदणी.

चौथा जीएसटी. इथे बहुतेकांची गल्लत होते. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे आणि बागेच्या देखभालीच्या सेवेवर १८ टक्के. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण उलाढाल मोजताना शून्य टक्केवाली रोपंही धरली जातात! समजा वर्षात १४ लाखांची रोपं विकली आणि ७ लाखांची देखभालीची कामं केली. करपात्र काम फक्त ७ लाखांचं, पण बेरीज २१ लाख. नोंदणी करावी लागणार. उलट, कुणी फक्त करमुक्त रोपंच विकत असेल तर नोंदणीची गरजच नाही. रोपं आणि मजुरीचं बिल एकत्र करायचं की वेगळं, हे पहिल्या कोटेशनआधी सीएला विचारा. बिल फाटल्यावर विचारून उपयोग नाही.

खरं लायसन्स इथे लागतं

आता वहीचं सगळ्यात महत्त्वाचं पान. लॉनला हुमणी लागली, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की ग्राहक म्हणतो, ‘जरा औषध मारून टाका.’ आपणही पंप पाठीवर टाकतो. थांबा! पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत कीटकनाशक फवारणं म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘कमर्शियल पेस्ट कंट्रोल’. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे त्याला परवाना लागतो. तो मिळवायला कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, आणि वर सरकारमान्य संस्थेतलं प्रशिक्षण हवं. आमचा इंजिनिअर इथे बाद!

ही नुसती कागदी कटकट वाटत असेल तर २०१७ चं यवतमाळ आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. बंगल्याच्या लॉनवर पंप घेऊन चालणारा माळी हा आपला माणूस असतो. त्याच्या तोंडाला रुमाल बांधला म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही. शेजारच्या गॅलरीत लहान मूल असतं ते वेगळंच. यावर साधा उपाय म्हणजे फवारणीचं काम परवानाधारकाला द्या, त्याच्या परवान्याची प्रत फाईलला लावा आणि कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी दाखवा.

औषधं विकायची तर विक्रीचा परवाना वेगळा. खतांचंही तसंच. स्वतःच्या साइटवर गांडूळखत टाकणं एक, आणि तेच पिशवीत भरून, लेबल लावून विकणं दुसरं. तिथे खत नियंत्रण आदेश, १९८५ सुरू होतो.

काकांच्या अर्ध्या एकरात रोपवाटिका काढायची? शोभेच्या झाडांपाशी थांबलात तर प्रश्न कमी. आंबा, डाळिंब, पेरूची कलमं विकायची म्हटलं की १९६९ चा फळरोपवाटिका कायदा आणि कृषी विभागाचा परवाना आला. आणि शेतात रोपं वाढवणं वेगळं, तिथे पक्कं ऑफिस आणि दुकान थाटणं वेगळं. जमिनीचा वापर बदलतोय का, हे तलाठ्याकडे आधी विचारून घ्या.

झाड आणि माती, दोन्हींचा मालक वेगळा

‘ते मधलं झाड काढून टाका, लॉन मोठं दिसेल.’ ही फर्माईश येणारच. बंगला ग्राहकाचा असला तरी झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, असं शहरी भागासाठीचा १९७५ चा वृक्ष कायदा सांगतो. कायद्याच्या व्याख्येत झाड ‘तोडणं’ म्हणजे जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही आलं. म्हणजे मोठ्या फांद्यांवर करवत चालवण्याआधीही विचारा. ५० वर्षांहून जुनं झाड तर २०२१ पासून ‘हेरिटेज’ ठरतं. खेडेगावात गेलात की तिथे १९६४ चा वेगळा कायदा. परवानगीचा अर्ज मालकाच्या सहीने जाऊ द्या आणि परवानगी हातात आल्याशिवाय करवत बाहेर काढू नका.

माती तर त्याहून बेरकी! बाग म्हटली की लाल माती आली, मुरूम आला. ही गौण खनिजं. रॉयल्टी भरलेल्या खाणीतून आणि वाहतूक पासासह आली तरच कायदेशीर. नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि गाडी जप्त होते ती वेगळीच. रात्री स्वस्तात येणारी ट्रॉली सगळ्यात महाग पडते ती अशी. पुरवठादाराकडून पासाची प्रत मागा.

नगरचं पाणी

एक परवाना कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. तो पाण्याचा.

हे शहर मुळात बागांचं. निजामशाहीतला सोळाव्या शतकातला फराहबाग पाहिलाय? भोवती तलाव आणि मधोमध महाल. त्या काळी डोंगराच्या बाजूने खापरी नळांनी पाणी शहरात खेळवलं जायचं. आधी पाणी आणलं, मग बाग लावली. आज आपण उलटं करतो. आधी लॉन अंथरतो, मग टँकर शोधतो.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची पद्धत बसवली, सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही असं गावानेच ठरवलं. लॉनवाल्या ग्राहकाशीही असाच ताळेबंद मांडता येतो की! पाणी कुठून येतं, मे महिन्यात किती उरतं, त्यात किती चौरस फूट लॉन तगेल? बाकी जागेत बहावा, आपटा, बोगनवेल आणि ठिबक. हे सांगणारा माणूस पहिलं कंत्राट कदाचित गमावेल, पण पुढच्या उन्हाळ्यात फोन त्यालाच येईल. शिकायचं असेल तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. तिथल्या उद्यानविद्या विभागात एक चक्कर मारा.

मग क्रम काय?

१. आधी काम ठरवा : डिझाइन, देखभाल, रोपं की सगळंच? लागणारे कागद त्यावरच ठरतात.
२. शॉप ॲक्टची सूचना, उद्यम नोंदणी, करंट अकाउंट, प्रोफेशन टॅक्स.
३. सीएशी एक बैठक, जीएसटीपुरती.
४. परवानाधारक फवारणीवाला आणि पास देणारा मातीवाला शोधा.
५. सरकारी बागांची टेंडरं भरायची असतील तर डिजिटल सही आणि कामाचा अनुभव लागतो. म्हणून आधी दोन-तीन खासगी कामं नीट करा, पूर्णत्वाचा दाखला लेखी घ्या.
६. कागदांवर पत्ता तपासा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, जुन्या कागदांवर अहमदनगर असणारच. नव्या अर्जात एकच नाव सगळीकडे ठेवा.

भावाने ही यादी वाचली आणि राजीनाम्याचा ड्राफ्ट डिलीट नाही केला, फक्त तीन महिने पुढे ढकलला. तेवढ्यात तो शनिवार-रविवार नगरला जाऊन एका सोसायटीची बाग सांभाळणार आहे. बिनफवारणीची, ठिबकवाली. पाटी मात्र त्याने आत्ताच रंगवायला दिलीय... देवनागरीत!